चालता माणूस

आमच्या विषयात एक इंग्रजी शब्द आहे, ॲम्ब्युलेटरी. मी अमरावतीच्या एका कॉलेजात वास्तुकलेच्या पोरांना इतिहास शिकवते, आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी केव्हातरी हा शब्द फळ्यावर लिहिते. जुन्या चर्चमध्ये वेदीच्या मागून वळसा घालून जाणारी, खास चालण्यासाठी ठेवलेली वाट. मूळ लॅटिन, चालणे या क्रियापदाचा. पोरं मान हलवतात आणि बाकाखाली मोबाइल बघतात. मग मी म्हणते, अरे बाबांनो, आपल्या देवळातला प्रदक्षिणेचा मार्ग, त्याचाच हा भाऊ. गाभाऱ्याभोवती आतून अशी वाट असली तर देऊळ सांधार, नसली तर निरंधार. हे मात्र ते लिहून घेतात, कारण परीक्षेत येतं.

हाच शब्द मला नंतर अकोल्याला भेटला, एका डॉक्टरांच्या अक्षरात, माझ्या वडिलांच्या कागदावर. वैद्यकात त्याचा अर्थ आणखी सोपा. पेशंट स्वतःच्या पायांनी चालतो. खाटेवर नाही, चाकाच्या खुर्चीत नाही. म्हणजे वाचून बरं वाटावं असाच शब्द. मला मात्र बरं वाटलं नाही. कारण आमच्या घराला अंथरुणाला खिळलेल्या माणसाची भीती कधीच नव्हती. आमच्या घराला भीती होती चालत्या माणसाची.

ती मोठ्या काकांपासून आली. बाबांचे थोरले भाऊ, नांदगाव खंडेश्वरला वकिली करायचे. म्हातारपणी त्यांचं डोकं हळूहळू गेलं. आधी नावं गेली, मग नाती गेली, मग सकाळ-संध्याकाळ गेली. पाय तेवढे ठणठणीत राहिले. उन्हाळ्यातल्या एका दुपारी घरच्यांचा डोळा लागला आणि काका निघाले. अंगात धुतलेला सदरा, पायात चप्पल, चाल नेहमीची. रस्त्यात लोकांनी नमस्कार केला, त्यांनीही केला. पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, "कुठं निघाले वकीलसाहेब?" ते म्हणाले, "हे आलोच." इतक्या धडधाकट माणसाला कोण अडवणार? पुढे काही दिवसांनी ते सापडले, दूर, एका तूर काढून झालेल्या वावरात, बाभळीला टेकून बसलेले; जीव केव्हाच गेला होता. चपलांचे तळ घासून फाटले होते. त्यांना आणायला बाबा गेले होते. त्याबद्दल बाबा घरात एक अक्षर बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी आईचा फोन आला आणि ती म्हणाली, "हे वळून नाही पाह्यत," तेव्हा मी जेवता जेवता हात थांबवला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मांगून हाक मारली त हो म्हणते, पन मान नाही फिरवत. पुतळ्यावानी उभे राह्यते अन् समोर पाहूनच बोलते. काल त भिंतीकडे तोंड करून उभे होते, कॅलेंडरपाशी. मी म्हटलं काय पाहून राहिले, त म्हणे काही नाही. किती वेळ उभे होते देव जाणे."

"रागावले असतील तुझ्यावर."

"रागावले त बोलते थे. तुले माहीत नाही का?"

मला माहीत होतं. माझे वडील संस्कृतचे शिक्षक. घर उपाध्यायांचं, म्हणून शाळा सुटल्यावर लोकांकडे पूजाही सांगायचे. वर्गात शुद्ध बोलणार, घरी आले की तोंडात अस्सल वऱ्हाडी. रागावले की पूर्ण गल्लीला कळायचं. मुका राग हा त्यांचा प्रकारच नव्हता. आम्ही दोघींनीही मोठ्या काकांचं नाव न घेता फोन ठेवला. काकाही असेच भिंतीसमोर उभे राहायचे.

माघ महिन्यात मी रविवारला जोडून रजा काढली आणि अकोल्याला गेले. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर महादेवाचं एक जुनं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, बुटकं, निरंधार. बाबा रोज सकाळी तिथे जातात. त्या सोमवारी मीही सोबत गेले. वाटेत ते ठीक बोलत होते. शेजाऱ्याने घर बांधताना पायऱ्या नालीवर काढल्या, महापालिकेचं लक्ष नाही, वगैरे. सगळं मुद्देसूद. पण काकाही पानठेल्यावर मुद्देसूदच बोलले होते, म्हणून मला त्यातून दिलासा मिळेना.

आता महादेवाच्या प्रदक्षिणेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. दुसऱ्या देवांना आपण पूर्ण फेरा घालतो. महादेवाला नाही. पिंडीवर घातलेलं पाणी एका बाजूने गोमुखातून बाहेर पडतं आणि पन्हळीतून वाहून जातं. ती पन्हळ ओलांडायची नाही. नंदीपासून निघायचं, गोमुखापर्यंत जायचं, तिथून माघारी फिरायचं, नंदीपाशी यायचं, मग उलट बाजूने पुन्हा गोमुखापर्यंत जाऊन परत माघारी. म्हणजे ही प्रदक्षिणा चालण्याइतकीच वळण्याची असते.

हा नियम मी बाबांकडून शिकले, आणि चांगलाच शिकले. लहानपणी मी एकदा घाईत पन्हळीवरून उडी मारून गेले होते. त्यांनी मारलं नाही. हाताला धरून नंदीपाशी आणलं आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं, उन्हानं तापलेल्या फरशीवर, अनवाणी. "देवाचं आंग धुऊन आलेलं पाणी होय थे. त्याच्यावर पाय नाही द्या लागत," एवढंच म्हणाले. पुढे मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच देऊळ मोजायला नेलं, तेव्हा बाबा गोमुखापाशी उभे होते, पोरांनी टेप लावताना चुकून पाय टाकू नये म्हणून. दुपारभर तिथून हलले नाहीत. एक पोरगं म्हणालं, "सर, इथून शॉर्टकट आहे," तर त्याला त्यांनी असं झापलं की त्याने बाकीचं देऊळ मुकाट्याने मोजलं.

तर त्या सोमवारी मी मंडपाच्या खांबाला टेकून उभी होते. बाबा नंदीला हात लावून निघाले. एक हात गाभाऱ्याच्या भिंतीवर, पावलं बेताची, पण सरळ. कोपऱ्यामागे गेले. मी त्या बाजूला बघत राहिले, कारण तिथूनच ते माघारी येणार होते. आले नाहीत. गुरव अंगण झाडत होता, त्याचा खराटा थांबला. मग दुसऱ्या बाजूने पावलं वाजली आणि बाबा तिकडून बाहेर आले, पूर्ण फेरा घालून. नंदीपाशी येऊन हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले.

मला क्षणभर वाटलं, मीच चुकीच्या बाजूला बघत होते. मी मागे जाऊन पाहिलं. पन्हळीत पाण्याची बारीक धार होती, शेवाळ होतं, आणि पलीकडच्या कोरड्या दगडावर एक ओलं पाऊल उमटलेलं होतं. त्याच्यापुढे दुसरं, जरा फिकट. मी ती पावलं वाळेपर्यंत तिथे उभी राहिले. गुरव जवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, गुरुजी बऱ्याच दिवसांपासून असेच जातात. मी काय बोलू त्यायले?"

मी बाबांना काही विचारलं नाही. घरी आले, चप्पल काढली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून टाकलं. ती परातीत भाकरी थापत होती. तिचा हात पिठातच राहिला.

"ओलांडलं? यायनं?"

"हो."

"तू पाह्यलं?"

"पावलं पाहिली. गुरव म्हणतो, रोजचंच आहे."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलथवली नाही. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "मंग संपलं बाई. होशात असते त जीव गेला असता तरी ओलांडलं नसतं. मोठ्या भाऊजीसारखंच होऊन राह्यलं."

आणि मला ते पटलं. मी शिकलेली बाई, दहा पुस्तकं वाचणारी, पण त्या घटकेला मलाही दुसरा कुठला पुरावा नको होता. दुसऱ्या एखाद्या घरात म्हातारा माणूस पन्हळ ओलांडून गेला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आमच्या घरात तो निकाल होता. किल्ल्या हरवल्या असत्या, एखाद्या नातेवाइकाचं नाव विसरले असते, तर आम्ही म्हटलं असतं, वय झालं. पण गोमुख ओलांडणारा माणूस माझा बाप नाही, बापाचे पाय घेऊन चालणारं दुसरंच कोणीतरी आहे, असं मला त्या स्वयंपाकघरात खरोखर वाटलं. बैठकीत ते पेपर वाचत बसले होते आणि मला त्यांच्यासमोर जायची भीती वाटत होती.

दुसऱ्याच दिवशी अकोल्यातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. दारापासून टेबलापर्यंत बाबा सरळ चालत गेले आणि खुर्चीत बसले. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "आजोबा, कोणता महिना चालू आहे?"

"माघ," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"शुद्ध का वद्य थे बी सांगू का?" बाबांनी विचारलं. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तेव्हा ते चिडले आणि म्हणाले, हे पोरखेळ मी करणार नाही. आई पदराने डोळे पुसत होती. तिने डॉक्टरांना मोठ्या काकांचं सांगितलं, गोमुखाचं सांगितलं. बाबा तिथेच बसलेले असताना सांगितलं. ते समोरच्या भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत राहिले. डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या गोळ्या लिहिल्या, लक्ष ठेवा म्हणाले, आणि कागदावर वरच्या ओळीत तो माझा ओळखीचा शब्द लिहिला.

बाहेर आल्यावर नर्सने कागद पाहिला. मी म्हटलं, चालतात ते चांगलंच आहे ना. ती म्हणाली, "ताई, पडून आहे त्याचं सोपं असते. जिथं ठेवलं तिथं राह्यते. असे चालते-फिरते जे असते ना, थेच हरवते. दाराले कुलूप लावत जा."

तिने हे अगदी आपुलकीने सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी आईने फाटकाला कुलूप लावलं.

पुढचे दोन-तीन महिने आठवले की अजूनही माझा जीव गुदमरतो. बाबांचं देवळात जाणं बंद झालं. आईने त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या खिशांना आतून कापडाची पट्टी शिवली, त्यावर न धुतल्या जाणाऱ्या शाईने पत्ता आणि माझा मोबाइल नंबर. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची आम्हाला सवय लागली. जेवले का, झोपले का, आज कसे आहेत, हे सगळं आईला विचारायचं, आणि ते दोन हातांवर बसलेले असायचे. बाबांनी कशालाच विरोध केला नाही, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. ज्या माणसाने भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं, तो माणूस फाटकाच्या कुलपाकडे बघायचा आणि आत निघून जायचा. गोळ्यांनी त्यांना ग्लानी यायची. घरात चालायचे मात्र. बैठकीतून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात, आणि जिथे भिंत आली तिथे तिच्यासमोर उभे. आई म्हणायची, रात्री तिला कडी वाजल्यासारखी वाटते आणि ती उठून बघते, तर ते अंथरुणात जागेच असतात, डोळे उघडे.

अमरावतीला राजापेठेत माझ्या घराखाली ट्युशन क्लास आहे. संध्याकाळी पोरं सुटली की गाड्यांचा असा कल्ला होतो की फोनची रिंग ऐकू येत नाही. त्या महिन्यांत मी मोबाइल हातातच धरून बसायचे. एखादा अनोळखी नंबर आला की मला दिसायचं ते रिकामं वावर आणि बाभूळ, आणि पलीकडून कोणीतरी म्हणणार, ताई, इथं एक म्हातारे बसले आहेत, त्यांच्या खिशात तुमचा नंबर आहे. एकदा असाच नंबर आला तेव्हा फोन हातातून सुटून पायावर पडला. तो कुठलातरी कर्ज विकणारा होता. त्याला मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा अकोल्याला गेले. दुपारी आई पडली होती. मी मधल्या खोलीत आले तर बाबा कॅलेंडरच्या भिंतीसमोर उभे. कूलरचा आवाज, पडदे ओढलेले, आणि पांढऱ्या बनियनातली ती पाठ. मला काका आठवले.

"बाबा, वळा ना इकडे."

"येतो. तू हो पुढं."

मी पुढे झाले. दारापर्यंत गेले आणि मागे बघितलं. का बघितलं, सांगता येणार नाही. त्यांना वाटलं असावं मी गेले. त्यांचा हात भिंत चाचपत होता. आणि खाली, त्यांची पावलं जागच्या जागी थरथरत होती. टाचा उचलत होत्या, बोटं उचलत नव्हती. चिखलात रुतलेला माणूस जसा एकेक पाय सोडवायला बघतो, तसे ते कोरड्या फरशीवर पाय सोडवायला बघत होते. थोडं थोडं करून, इंच इंच सरकत, ते कसेबसे वळले. मग मला दारात पाहिलं. चेहऱ्यावर वेड नव्हतं. लाज होती, साफ, पूर्ण शुद्धीवरची.

मी पाणी आणायला गेले. माठापाशी उभी राहून विचार करत होते. आमच्या विषयात त्या शब्दाचा सगळा जीव वळशात आहे. वाट गाभाऱ्याला धरून वळते म्हणून ती ॲम्ब्युलेटरी, नुसती सरळ असती तर तिला आम्ही बोळ म्हटलं असतं. आणि डॉक्टरांनी बाबांना दारापासून टेबलापर्यंत सरळ चालताना पाहिलं आणि तोच शब्द लिहिला. वळायला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबा स्वतःहून तर सांगणार नव्हतेच.

अमरावतीला मेंदूचे एक वयस्क डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतली. बाबांना आणि आईला गाडी करून घेऊन आले. दवाखान्याच्या फाटकात ॲम्ब्युलन्स उभी होती. तीही त्याच लॅटिन क्रियापदाची लेक, ज्यांना चालता येत नाही त्यांना नेणारी. एरवी असल्या गोष्टी मी वर्गात हौसेनं सांगते. त्या दिवशी नको झालं.

डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेलं. "गुरुजी, त्या खिडकीपर्यंत जा." बाबा गेले, चांगले गेले. "आता वळा आणि या."

बाबा खिडकीपाशी उभे राहिले. आमच्याकडे पाठ. व्हरांड्यात बसलेले लोक बघत होते. त्यांचे खांदे जरासे हलले, पावलं थरथरली, आणि ते तसेच राहिले. आई उठायला लागली तर डॉक्टरांनी तिला हातानेच थांबवलं. ते स्वतः चालत गेले, बाबांच्या मागे उभे राहिले, आणि म्हणाले, "मी आता मागून जरा ओढतो. तुम्ही तोल सावरायचा." त्यांनी दोन्ही खांदे धरून हलकाच हिसका दिला. बाबांनी एकही पाऊल मागे टाकलं नाही. उभी केलेली फळी पडते तसे ते सरळ मागे आले, डॉक्टरांच्या अंगावर. आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

आत आल्यावर त्यांनी बाबांशी बराच वेळ गप्पा मारल्या. शाळेच्या, विद्यार्थ्यांच्या, सकाळी काय खाल्लं त्याच्या. थोडे शब्द लक्षात ठेवायला दिले, मध्ये दुसरं काही बोलून पुन्हा विचारले. बाबांनी ते बरोबर सांगितले, आणि त्यातला एक शब्द संस्कृतात स्त्रीलिंगी आहे हेही सांगितलं. स्कॅन झाला. मग डॉक्टर आमच्या तिघांकडे बघून म्हणाले, "तुम्ही ज्याला घाबरत होता, ते हे नाही. डोकं शाबूत आहे. गोळ्या बंद करा."

आईने तिथेच टेबलावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. मलाही हुंदका आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकमेकींकडे सरळ बघत होतो.

डॉक्टर थांबले होते. आम्ही शांत झाल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. मेंदूतला एक भाग चालणं, वळणं, तोल हे सगळं सांभाळतो. तो विझत चालला आहे. आधी वळणं जातं, मग चालणं. नंतर गिळणं, बोलणं. वेग सांगता येत नाही. औषध थोडी मदत करतं, थांबवत नाही. "पण समज बहुतेक शेवटपर्यंत राहील," ते म्हणाले. हे चांगल्या बाजूला मोजावं असा त्यांचा सूर होता, आणि आईने ते तसंच घेतलं. गाडीत बसल्यावर ती मला पुन्हा पुन्हा म्हणत होती, "समज राह्यते म्हणे. बाकीचं पाहू आपण. समज राह्यते." बाबा पुढच्या सीटवर बसले होते आणि काचेतून समोर बघत होते.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडेच राहिले. मी त्यांना गॅलरीत खुर्ची टाकून दिली. आई आत माझ्या भांड्यांना नावं ठेवत आवराआवर करत होती; तिचा आवाज कित्येक दिवसांनी असा मोकळा ऐकू येत होता. खाली क्लास सुटला होता. पोरं-पोरी गाड्यांवर बसून, एका पायावर गाडी पेलत, वळवून, एकमेकांच्या अंगावर घालत निघत होती. बाबा त्यांच्या वळण्याकडे बघत होते. मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"बाबा, एक विचारू? ते गोमुख. ओलांडताना तुम्हाला कळत होतं?"

"दर खेपेले," ते म्हणाले.

मी खुर्चीच्या हाताला धरलं.

"वळलो असतो त पडलो असतो. दोनदा पडता पडता वाचलो. तिथं पडलो असतो त गुरव धावला असता, लोकं जमले असते, तुया आईनं मंदिर बंद केलं असतं. सरळ पाय पडते. मंग सरळच गेलो. शंकराले म्हटलं, आता तुले जे समजायचं थे समज." त्यांनी मांडीवरचा हात उलटा करून पाहिला. "माफी मांगत होतो रोज."

"मग आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही काय काय समजून बसलो. कुलूप लावलं, खिशात पत्ता शिवला."

"मालूम आहे मले. वाचला मी थो."

"मग?"

"मले बी तेच वाटत होतं ना बाई." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, मान नाही, नुसते डोळे फिरवून. "मले वाटे, दादाचं असंच झालं असन सुरुवातीले. त्याचे बी पाय आधी ऐकत नसतीन, मंग डोकं. मी म्हटलं, जेवढे दिवस समजून राह्यलं तेवढे दिवस बोलू नये. बोललो त खरं होते."

खाली कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता. तो सुटेपर्यंत आम्ही दोघेही थांबलो.

"डॉक्टर काय म्हणे?" त्यांनी विचारलं. "समज शेवटपर्यंत राह्यते?"

"हो. बहुतेक."

"पाय जाईन, बोलणं जाईन, गिळणं जाईन. अन् मले सगळं समजत राहीन."

मला खोटं बोलता आलं असतं. मी नुसती मान डोलावली. बाबांनी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. मग हळू, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "दादा सुटला मंग. त्याले मालूमच नोतं."

आई हात पुसत गॅलरीच्या दारात आली. तिच्या चेहऱ्यावर अजून गाडीतलंच हसू होतं. "काय म्हणून राह्यले हे?"

"चहा मागताहेत," मी म्हटलं.

"मंग सांगा लागत नाही का?" ती म्हणाली आणि आनंदाने आत चहा टाकायला गेली.